व्याह्यांची जीप आणि माझा फेटा

पंप दुरुस्त करून दिला, इंजिन गोड आवाजात सुरू झालं, की माणसाला बरं वाटायला हवं. मला वाटत नाही. गिऱ्हाईक गाडीत बसतं, हात करतं, गिअर टाकतं, आणि मी हातातलं फडकं तसंच घेऊन त्याच्यामागे धावतो. रस्त्यात थांबवून त्याला सांगतो, की तीन नंबरचं नोझल चांगलं आहे पण नवं नाही, गव्हर्नरची स्प्रिंग मूळची नाही, आणि थंडीत सकाळी पांढरा धूर आला तर त्याचं पाप माझ्या माथी. गिऱ्हाईक बिचारं घाबरतं. काही जण तर तिथूनच गाडी वळवून परत आणतात. माझी बायको सुनंदा म्हणते, "अहो, बाकीचे मिस्त्री काम करून विसरतात. तुम्ही काम करून सुतक पाळता."

काशीदला रस्त्याच्या कडेला माझी शेड आहे. पुढे समुद्र, मागे डोंगर, आणि मधे मी, डिझेलात कोपरापर्यंत बुडालेला. 'डिझेल पंप व नोझल' अशी पाटी वाचून पर्यटक गाडीची टाकी भरायला माझ्या दारात उभे राहतात. त्यांची समजूत घालून पुढे पाठवणं हाही माझ्या धंद्याचाच एक भाग होऊन बसला आहे. म्हणून आधी हा धंदा काय आहे ते सांगतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती भट्टीसारखी तापते, आणि नेमक्या त्या क्षणी तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढं डिझेल जोरात फवारायचं. ते तिथे पेटतं आणि इंजिन फिरतं. हे दाणे मोजून, वेळ साधून, एकेका सिलिंडरला वाढणारी जी लोखंडी पेटी, तिला आम्ही पंप म्हणतो. दाणा मोठा झाला तर काळा धूर, लहान झाला तर गाडीत दम नाही, वेळ चुकली तर इंजिन आतून हातोडे मारल्यासारखं बडवतं.

पंप दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. माझी ओळख निराळी. एका कामासाठी जन्मलेलं इंजिन गिऱ्हाइकाला भलत्याच कामाला लावायचं असलं, की ते माझ्याकडे येतं. ट्रकचं इंजिन होडीत, होडीचं इंजिन बर्फाच्या कारखान्यात, ट्रॅक्टरचं रिसॉर्टच्या जनरेटरला. इंजिनाला आपली बदली झाल्याचं कळत नाही, ते पंपाला समजवावं लागतं. ट्रकच्या पंपाला ड्रायव्हरच्या पायाची सवय असते. तोच पंप होडीत बसवला की लाटेवर पंखा पाण्याबाहेर येताच इंजिन किंचाळतं आणि पंखा परत बुडाला की धापा टाकतं, कारण होडीत पाय देत बसलेलं कुणी नसतं. तिथे आतला गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग, बदलून पंपाला स्वतःच्या डोक्याने वागायला शिकवावं लागतं. आता कॉम्प्युटरच्या गाड्या आल्या. त्यांच्या पंपाला माझं काही ऐकू येत नाही. माझं गिऱ्हाईक दरवर्षी थोडं थोडं म्हातारं होत चाललं आहे, आणि मीही. पण जी मजा मी पाहिली, ती त्या नव्या गाड्यांच्या नशिबी नाही, आणि त्या मजेच्या मध्यभागी माझ्याच मुलीचं लग्न होतं.

दामूअण्णा तळा गावचे. घरची भातशेती आणि भात भरडायची गिरणी. गिरणीला विजेची मोटर बसली आणि तिचं जुनं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन रिकामं झालं. घरी एक उघडी जीप होती, पेट्रोलवर चालणारी, म्हणजे बहुतेक वेळ न चालणारी. अण्णांच्या मनाने दोन्हींची गाठ मारली. एक दिवस टेम्पोत इंजिन आणि टेम्पोमागे दोराने बांधलेली जीप असं वऱ्हाड माझ्या दारात उभं राहिलं. सोबत त्यांचा मुलगा प्रशांत होता.

मी अण्णांना अडचणी सांगायला सुरुवात केली. ते शांतपणे तंबाखू मळत ऐकत होते. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ते म्हणाले, "मोहनराव, इंजिन बसंल का न्हाय, येवढंच सांगा."

"बसेल."

"मग झालं तर. बाकीचं तुमी तुमच्या मनाशी बोला."

काम कठीण होतं. गिरणीच्या इंजिनाला आयुष्यभर एकच चाल माहीत. त्याला पायाखालच्या पॅडलचं ऐकायला लावायचं होतं. मी गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलल्या, नवा दांडा घडवला, डिझेलचं माप आणि वेळ पुन्हा पुन्हा लावली. दर फेरीला अण्णा येत, आणि दर फेरीला प्रशांतही येई. माझी मुलगी अश्विनी शेडमध्ये सुट्या भागांचा हिशेब बघायची. शेवटी जीप सुरू झाली तेव्हा शेजारच्या रिसॉर्टचा स्वयंपाकी पळता बाहेर आला. असा भारदस्त आवाज, जणू तांदूळच भरडत निघाली आहे.

फक्त एक गोष्ट राहिली होती. पंपाच्या पोटात कॅमशाफ्ट फिरतो, उंचवटे असलेला एक दांडा. उंचवटा वर आला की डिझेलचा दाणा उडतो. गाडीच्या पंपात या उंचवट्यांची एक बाजू अशी घडवलेली असते की दांडा उलटा फिरलाच तर दाणा वेळेवर उडत नाही. गिरणीच्या त्या जुन्या पंपात उंचवटे दोन्ही बाजूंनी सारखे होते. गिरणीत ते चालतं. जागेवर बोल्ट मारलेल्या इंजिनाला कोण मागे ढकलतंय? जीपचं तसं नाही. ती चढावर बंद पडली आणि गिअरमध्येच मागे घरंगळली, तर चाकं इंजिनाला उलटं फिरवतात, पंप इमानदारीने डिझेल देतो, आणि इंजिन उलटं सुरू होतं. वाचणाऱ्याला ही थाप वाटेल. पण ते खरंच उलटं चालतं, सायलेन्सरमधून हवा ओढतं आणि जिथून श्वास घ्यायचा त्या एअर क्लीनरमधून धूर सोडतं. मग पहिला गिअर टाकला की गाडी मागे जाते. आणि हसू पुरतं ओसरायच्या आत आतलं लोखंड भाजायला लागतं, कारण तेलाचा पंपही उलटा फिरत असतो आणि बेअरिंगांना तेलाचा थेंब मिळत नाही.

योग्य दांडा तेव्हा कुठे मिळाला नाही. मिळेल तेव्हा बदलू, असं मी ठरवलं. अण्णांना बजावलं, की चढावर बंद पडली तर आधी ब्रेक, मग क्लच, गिअरमध्ये मागे सरकू द्यायची नाही. का, ते सांगायला तोंड उघडलं तर ते हॉर्न वाजवून बघत होते. ते निघाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाइकामागे धावलो नाही. कारण त्याच वेळी माझं लक्ष शेडच्या मागच्या दाराकडे गेलं. नोझल हातात कसं धरायचं, ते अश्विनी प्रशांतला शिकवत होती. जीप तयार झाली होती. नोझल धरायला शिकायची त्याला आता काहीच गरज नव्हती.

पुढचं सगळं भराभर झालं. अण्णा त्याच जीपमधून मागणी घालायला आले. मुलगा चांगला, माणसं चांगली, अश्विनीचा चेहरा सगळं सांगत होता. साखरपुडा झाला, आणि लगेचच एका भंगारवाल्याकडे मला हवा तो कॅमशाफ्ट सापडला. मी तो धुऊनपुसून, कापडात गुंडाळून घरी आणला आणि सुनंदाला म्हणालो, की उद्याच तळ्याला जाऊन व्याह्यांना सगळं सांगतो आणि पंप खोलतो.

सुनंदा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"म्हणजे लग्न तोंडावर आलेलं असताना तुम्ही व्याह्यांच्या दारात जाऊन सांगणार, की मी तुमचं काम चुकीचं केलं?"

"चुकीचं नाही. अपुरं."

"मग पोर देताना हेही सांगाल, की अश्विनी चांगली आहे पण सकाळी थोडा धूर सोडते. तुम्हाला थांबताच येत नाही. काही नाही. अक्षता पडेपर्यंत त्या जीपबद्दल एक शब्द काढायचा नाही. अश्विनीची शपथ."

मी शपथ घेतली आणि त्या क्षणापासून माझी झोप गेली. कारण आमचं घर रस्त्यापासून वर आहे आणि रस्त्यावरून अंगणात यायला जांभ्याच्या मातीचा खडा चढ आहे. बोलायचं नाही म्हटल्यावर हातांनी जे करता येईल ते मी केलं. चढ सौम्य व्हावा म्हणून माती आणून टाकली. लोकांना वाटलं, मुलीच्या लग्नाचा उत्साह. चढाच्या कडेने मोठे दगड मांडून त्यांना चुना लावला, म्हणजे वेळ आली तर चाकाखाली घालायला हाताशी असावेत. लोकांनी सजावटीचं कौतुक केलं. शेवटी मी अण्णांना फोन करून म्हणालो, की नवरदेवासाठी फुलांनी सजवलेली मोटार मीच पाठवतो.

पलीकडून अण्णा म्हणाले, "व्याही, ती जीप तुमच्या हातची हाय. पोरगं त्याच जीपीतून यील. तुमचाच तुमच्या कामावर इस्वास न्हाय का काय?"

मी फोन ठेवला आणि आणखी दोन दगडांना चुना लावला.

लग्नाच्या दिवशी फेटेवाल्याने माझ्या डोक्याला गुलाबी फेटा इतका घट्ट आवळून बांधला, की काळजी करायलाही जागा उरली नाही. बँड वाजायला लागला. मी अंगणाच्या तोंडाशी आरतीचं ताट घेतलेल्या बायकांच्या घोळक्यात उभा होतो. खाली रस्त्यावर जीप दिसली. बॉनेटवर झेंडूच्या माळांचा पलंगपोस, मागे केळीचे खांब, वर प्रशांत पांढऱ्या शेरवानीत, आणि चाकावर त्याचे बाळामामा, गॉगल लावून. बाळामामा तळ्याच्या बाजूला आंब्याच्या पेट्या वाहायचं काम करतात. चढ त्यांना नवा नव्हता, एवढाच मला आधार.

जीप चढाला लागली. तिच्यापुढे नाचणारी मुलं चढाच्या मध्यावर आली आणि तिथेच त्यांचं आवडतं गाणं लागलं. मुलं हलेनात. बाळामामांनी क्लचवर जीप धरून पाहिली, पुढे-मागे डुलवली, आणि एका ठेक्याला जीपने उचकी दिली. बंद. ती मागे सरकली. मी डोळे मिटले. मग आवाज आला, भक्, आणि इंजिन पुन्हा सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चावी न फिरवता सुरू झाली म्हणून कुणीतरी माझी पाठ थोपटली.

मी तो आवाज ऐकला. श्वास आत ओढता ओढता माणूस बोलला तर जसा आवाज येईल, तसा. बॉनेटच्या फटींतून झेंडूंमधून धूर निघायला लागला.

बाळामामांनी क्लच सोडला. जीप मागे गेली. मागे बँडचा मोठा ढोलवाला होता. तो ढोलासकट चुना लावलेल्या दगडावर चढून बसला. मागची वरमाय, करवल्या, अण्णा, सगळे दोन बाजूंना फाकले. मी ताटाखालून वाकून खाली धावलो आणि ओरडलो, "बंद करा, मामा, स्टॉप ओढा."

मामांनी डिझेल तोडणारा स्टॉपचा नॉब ओढला. सजावट करणाऱ्यांनी डॅशबोर्डवर माळा आवळताना काय केलं होतं देव जाणे, नॉब तारेतून सुटून मामांच्या हातात आला. मामांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो खिशात टाकला. मग त्या माणसाने जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. जराही न गडबडता त्यांनी रिव्हर्स गिअर टाकला आणि जीप पुढे निघाली.

माणसं वेडी झाली. पहिला टाकला की मागे, रिव्हर्स टाकला की पुढे. बँडवाल्यांनी पुन्हा सूर धरला. नवरदेवाची स्वारी रिव्हर्समध्ये पुढे पुढे, डुलत, धापा टाकत चढ चढत होती, एअर क्लीनरमधलं काळं तेल उसळून बॉनेटच्या फटींतून उडत होतं, आणि प्रशांतच्या पांढऱ्या शेरवानीवर, गालावर, मुंडावळ्यांवर ठिपके पडत होते. तो हसत होता. त्याला वाटत होतं की आमच्याकडची हीच पद्धत असेल.

मला फक्त एक दिसत होतं. त्या इंजिनात तेल फिरत नव्हतं. अजून थोडा वेळ, की ते चढावरच जाम होणार, आणि माझा जावई बसलेली जीप मागे वऱ्हाडावर जाणार. मी जीपच्या मागे गेलो. सायलेन्सरच्या तोंडाशी झेंडूच्या पाकळ्या होत्या आणि त्या एकामागून एक आत ओढल्या जात होत्या. माझ्या डोक्यात उजेड पडला. या क्षणी इंजिनाचं नाक इथे होतं. नाक दाबलं की झालं. पण दाबायचं कशाने? हातात काही नव्हतं. डोक्यावर होतं.

मी फेटा उतरवला, हळूहळू सरकणाऱ्या जीपच्या मागे गुडघ्यांवर रांगत गेलो, आणि दोन्ही हातांनी फेटा सायलेन्सरवर दाबला. इंजिनाने तो हावरटासारखा आत ओढला, घुसमटलं, थरथरलं आणि बंद पडलं. मामांनी ब्रेक दाबला. मी चुन्याचा दगड ओढून चाकाखाली घातला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत नीट झालेलं काम होतं. समाधानाने मी मान वर केली.

बँड थांबला होता. सगळं वऱ्हाड माझ्याकडे बघत होतं. चाकाच्या बाजूलाच, माझ्यापासून हातभर अंतरावर, दामूअण्णांचे पाय होते. आणि मला कळलं की लोकांना काय दिसलं आहे. मुलीच्या बापाने भर वरातीत डोक्यावरचा फेटा उतरवून वराच्या बापाच्या पायाशी ठेवला होता, गुडघ्यांवर बसून.

आपल्याकडे याचा एकच अर्थ होतो.

"काय मागितलं रं त्यांनी?" कुणीतरी हळूच विचारलं. हा प्रश्न माझ्याआधी चढ चढून अंगणात पोचला, आणि पोचेपर्यंत त्याचं उत्तर तयार झालं होतं. कुणी म्हणालं मोटार मागितली, कुणी म्हणालं काशीदची जागा मागितली. माझा मेहुणा बाह्या सरसावत खाली आला. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पुटपुटले, "व्याही, उठा. माझी अब्रू जातीय. मी काय मागितलंय तुमच्याकडं?"

मी उठायला गेलो, पण गुडघ्याला रग लागली होती. त्यामुळे मी पुन्हा वाकलो, आणि ते अधिकच वाईट दिसलं.

तेवढ्यात अश्विनी आली. हिरवा चुडा, मुंडावळ्या, हातात हार, मागून तिला धरायला धावणाऱ्या मावश्या. तिने माझं उघडं डोकं पाहिलं. मग जीपमधल्या प्रशांतकडे पाहिलं.

"तुमच्याकडून कुणी काही मागितलं असेल, तर आत्ता इथे सांगा," ती म्हणाली. "मी हा हार घरात नेऊन ठेवते. तुम्ही त्याच जीपमधून परत जा."

ठिपक्याठिपक्यांचा नवरदेव नुसता माझ्याकडे बघत राहिला. माझ्या अश्विनीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं, आणि तिने ते अभिमानाने मोडलं असतं, माझ्यासाठी.

"बाबा, उठा."

"अश्विनी, कॅमशाफ्ट," मी म्हणालो.

शपथ तिचीच होती, तर ती मोडायची तिच्यासाठीच. मी मातीत बसल्या बसल्या सगळं सांगायला सुरुवात केली. आजकाल लग्नात माईक घेऊन फिरणारा एक निवेदक असतो. त्या भल्या माणसाला वाटलं की बापाचं मनोगत चाललं आहे. त्याने माईक माझ्या तोंडापुढे धरला. त्यामुळे माझा कबुलीजबाब अंगणातल्या चारही कर्ण्यांतून समुद्रापर्यंत गेला. गिरणीचं इंजिन, दोन्ही बाजूंनी सारखे उंचवटे, न मिळालेला दांडा, मग मिळालेला दांडा, जो या क्षणी देवघराखालच्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवला होता. सुनंदाने घातलेली शपथ. चढावर टाकलेली माती. चुना लावलेले दगड. वाळूवर घोडागाडीत बसलेले पर्यटक थांबून ऐकत होते, असं मला नंतर कळलं. मी म्हणालो, "अण्णांनी काही मागितलं नाही. मीच त्यांना उलटं चालणारं इंजिन दिलं आणि गप्प बसलो. फेटा मी पायावर नाही ठेवला. तो सायलेन्सरमध्ये आहे."

वरून भटजींचा आवाज आला, "यजमान, मुहूर्त जवळ आलाय. उंचवटे नंतर सांगा."

कुणी हसलं नाही. सगळे अण्णांकडे बघत होते. अण्णा सायलेन्सरशी वाकले, आतून लोंबणारं गुलाबी टोक ओढून पाहिलं, आणि खाली मातीत माझ्या शेजारी बसले.

"मोहनराव, ह्यी जीप उलटी चालती, ते मला ठाव हाय."

"तुम्हाला?"

"तळ्याच्या वरच्या बागंत चालली, मग म्हसोबाच्या चढावर चालली. बाळूला तर सवयच झालीय. तुमाला काय वाटलं, त्यानं रिव्हर्स कसा टाकला?"

मी मामांकडे पाहिलं. मामांनी गॉगल वर करून नम्रपणे मान हलवली.

"मग बोलला का नाही?"

"कसा बोलू? तुमी माणूस असं. नुसता धूर आला तर रस्त्यानं पळत येता. उलटी चालती म्हटल्यावर तुमी पोरीला घरात बसवून आमच्या दारात उपास धरला असता. म्हटलं, आधी लगीन हू दे."

"आणि मी मोटार पाठवतो म्हणालो, तेव्हा?"

"तवा जीप न्हाय आणली असती, तर तुमाला कळलं असतं ना, की मला कळलंय."

म्हणजे मी त्यांच्यासाठी गप्प होतो, ते माझ्यासाठी गप्प होते, आणि आम्ही दोघांनी मिळून ती जीप त्या चढावर आणली होती. आधी अश्विनी हसली. हार तोंडावर धरून, खांदे हलवत. तिला पाहून प्रशांत, मग मामा, मग ढोलवाला दगडावरूनच. ते हसू चढ चढून वर गेलं आणि कर्ण्यांतून परत खाली आलं, कारण माईक अजून चालूच होता. सुनंदा वर अंगणाच्या तोंडाशी उभी होती. ती हसत नव्हती. पण पदर तोंडाशी होता.

अण्णांनी आपला केशरी फेटा उतरवला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. थोडा मोठा होत होता. मग त्यांनी सायलेन्सरमधून माझा फेटा हातभर हातभर करत ओढून काढला, तेल आणि काजळीने माखलेला, मधे एक झेंडू अडकलेला. तो झटकला आणि स्वतःच्या डोक्याला गुंडाळला. "चला," ते म्हणाले. मंगलाष्टकं होईपर्यंत, जेवणं होईपर्यंत, सगळ्या फोटोंत, त्या माणसाने तो काळा-गुलाबी फेटा उतरवला नाही. वधूपक्ष आणि वरपक्ष कोणता, हे आता त्या फोटोंवरून कुणाला सांगता येत नाही.

जीप सगळ्यांनी ढकलत अंगणात नेली. अक्षता पडल्या, माझी शपथ संपली, आणि लोक पंक्तीला बसले तेव्हा मी सोवळ्यावरच शेडमधला जुना डगला चढवून बॉनेट उघडलं. तेल बदललं, इंजिन हाताने फिरवून बघितलं, स्टॉपची तार जोडली. नॉब मामांच्या खिशातून मागून घेतला. इंजिन सपाटीवर सुरू केलं तेव्हा तेलाचा काटा अगदी शहाण्यासारखा वर चढला. तरीही माझं समाधान होईना. मी मागे जाऊन सायलेन्सरपाशी तळहात धरला. धूर हातावर आला. इतका गोड धूर मी कधी खाल्ला नव्हता. दांडा मी पाचपरतावनाला लेक-जावई जीप घेऊन येतील तेव्हा बदलणार, हे अण्णांच्या कानावर घालून ठेवलं. ते म्हणाले, "सावकाश. आता काय घाई हाय?"

मग पाठवणीची वेळ झाली. जीप अंगणात उताराकडे तोंड करून उभी होती, आम्ही सगळे तिच्या मागे. अश्विनी मागच्या बाकावर बसली. तोवर हसणारी ती, सुनंदाने गालावरून हात फिरवल्यावर रडू लागली. मग सुनंदा, मग मेहुणा, मग मी. अण्णांनी डोळे पुसायला फेट्याचं टोक घेतलं आणि त्यांच्या तोंडावर काजळी पसरली. तेवढ्यात अश्विनीने वळून रडत रडतच मला विचारलं, "बाबा, पुढे जाईल ना?"

मी आयुष्यात पहिल्यांदा काही न जोडता म्हणालो, "जाईल."

बाळामामांनी गॉगल लावला. इंजिन सुरू केलं. आणि सवयीने रिव्हर्स टाकला.

जीप मागे आली. रडणारी अश्विनी थेट आमच्याकडे आली, आईच्या मिठीपर्यंत. सुनंदाने तिला धरलं आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या त्या हसायला लागल्या. सगळं अंगण हसायला लागलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सायलेन्सरच्या मागे हात धरला. धूर बाहेरच येत होता. इंजिन अगदी सुलटं चालत होतं.

"या वेळी माझी चूक नाही," मी म्हणालो, आणि अण्णांचा फेटा डोक्यावर नीट बसवला.